घरी बांधलेल्या फायबरग्लासच्या विमानात इंधन भरताना स्थिर विजेची ठिणगी कशी टाळावी

धातूच्या विमानात इंधन भरताना पंपाजवळची अर्थिंगची तार एक्झॉस्टच्या नळीला किंवा विमान बांधून ठेवण्याच्या कडीला अडकवली की बहुतेक काम झालेले असते, कारण अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, पंख, टाकी आणि टाकीच्या तोंडाची कडी हे सारे विजेच्या दृष्टीने एकसंध असते. फायबरग्लासच्या विमानात तीच तार त्याच जागी अडकवली, तर फक्त इंजिन आणि त्याला जोडलेले भाग अर्थ होतात. टाकीच्या तोंडाची धातूची कडी काचतंतू आणि इपॉक्सी (ते धरून ठेवणारी राळ) यांच्या मधोमध एकटीच राहते, आणि पेट घेणारी वाफ तर तिथेच असते. त्यामुळे एक्झॉस्टला लावलेली क्लिप पाहून निर्धास्त होणे ही अशा विमानांच्या बाबतीत सर्वांत मोठी फसगत आहे.

अमेरिकेत हा प्रश्न विमानांचे आराखडे करणारे बर्ट रुटान यांच्या आराखड्यांमुळे घरोघरच्या गॅरेजपर्यंत पोहोचला. कॅलिफोर्नियातल्या मोहावी इथे त्यांच्या व्हेरीईझी या विमानाने १९७५ साली आणि लाँग-ईझीने १९७९ साली पहिले उड्डाण केले. फोमच्या गाभ्यावर काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी चढवून बांधलेल्या लाँग-ईझीमध्ये इंधन पंखाच्या मुळाशी असलेल्या स्ट्रेकमध्ये, म्हणजे पंख धडाला मिळतो तिथल्या पुढे आलेल्या भागात, साठवतात, आणि त्या स्ट्रेकच्या भिंती हीच टाकी असते. शिवाय हे विमान उभे करताना नाकाचे चाक आत घेऊन नाक जमिनीवर टेकवतात. म्हणजे दोन रबरी टायर आणि नाकाखालचा रबरी ठोकळा एवढ्यावरच ते उभे असते. मोहावीसारख्या वाळवंटी, कोरड्या हवेत साचलेल्या विद्युतभाराला जमिनीत जाण्यासाठी वाटच उरत नाही.

ठिणगी केवढी लागते

हवा आणि पेट्रोलसारख्या इंधनाची वाफ योग्य प्रमाणात मिसळलेली असेल, तर ती पेटवायला सुमारे ०.२५ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. माणसाच्या शरीराची विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण १५० पिकोफॅरड धरली आणि त्याच्यावर ३००० व्होल्टचा भार असला, तर साठलेली ऊर्जा सुमारे ०.७ मिलिज्यूल होते. एवढ्या भाराची ठिणगी बोटाला जेमतेम जाणवते. कोरड्या थंडीत नायलॉनचा स्वेटर काढताना जो कडकडाट होतो, तो याच्या कितीतरी पुढचा असतो. टाकीच्या तोंडाच्या एकट्या पडलेल्या कडीची धारिता शरीरापेक्षा बरीच कमी, समजा २० पिकोफॅरड असली, तरी १०,००० व्होल्टला तिच्यात एक मिलिज्यूल साठते. आणि ही ऊर्जा हळूहळू झिरपत नाही, नोझल जवळ येताच एका क्षणात बाहेर पडते.

हा भार मुख्यतः तीन ठिकाणांहून येतो. इंधन होजमधून, आणि त्याहूनही जास्त फिल्टरमधून जाताना भारित होते. फायबरग्लासचा पृष्ठभाग कोरड्या फडक्याने पुसला की भारित होतो. आणि माणूस स्वतः आसनावरून सरकत उतरताना भार घेऊन येतो. शुद्ध हायड्रोकार्बन इंधनाची विद्युतवाहकता फार कमी असल्यामुळे टाकीत पडल्यानंतरही त्याचा भार विरायला काही सेकंदांपासून मिनिटापर्यंत वेळ लागू शकतो. टाकी धातूची असेल तर तो भिंतींतून निघून जातो. फायबरग्लासच्या टाकीत मात्र त्याला बाहेर पडण्यासाठी वाट मुद्दाम करून द्यावी लागते.

बांधणीच्या वेळीच करायचे काम

ही वाट करून देण्याची खरी वेळ स्ट्रेक किंवा पंखाची वरची कातडी बंद होण्याआधीची आहे. नंतर ते काम होत नाही असे नाही, पण तोंडाची कडी उचकटून काढावी लागते, आणि ती मूळ इपॉक्सीत पक्की बसलेली असली तर आसपासचा लेअपही (कापड आणि इपॉक्सीचे थर) तिच्याबरोबर उखडतो. करायचे एवढेच: तोंडाच्या कडीपासून एक वाहक पट्टी टाकीच्या तळाशी असलेल्या धातूच्या ड्रेन व्हॉल्व्हपर्यंत किंवा गाळणीपर्यंत न्यावी, आणि तिथून ती इंजिन माउंट आणि बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या मुख्य अर्थिंगला मिळवावी. असे केले की तळाचे इंधन, कडी, इंजिन आणि पंपाची क्लिप हे सारे विजेच्या एकाच पातळीवर येते.

पट्टीसाठी उघडे तांबे वापरू नये, कारण तांब्याच्या सहवासात पेट्रोलमध्ये गोंद तयार होण्याची क्रिया वेगाने होते. कल्हई केलेली तांब्याची विणलेली तार किंवा अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी चालते. ती शक्यतो टाकीच्या आत लोंबकळत न ठेवता भिंतीच्या लेअपमध्ये दाबून बसवावी आणि तिची फक्त दोन टोके धातूला जोडावीत. जोडणी करताना एका बारीक गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बाजारात मिळणाऱ्या रंगीत, देखण्या टोप्या आणि कड्या अ‍ॅनोडाइज केलेल्या (वर ऑक्साइडचा कठीण थर चढवलेल्या) असतात, आणि तो रंगीत थर विजेचा वाहक नसतो. वॉशरखाली येणारा भाग पॉलिश पेपरने घासून पांढरे अ‍ॅल्युमिनियम दिसेपर्यंत उघडा करावा, आणि मगच स्क्रू आवळावा.

टोपी कडीला जोडून ठेवणारी बारीक साखळी कडीशी विजेने जोडलेली असेल तर काही हरकत नाही. पण नायलॉनच्या दोरीला टांगलेला धातूचा हुक, सैल फ्लोट किंवा टाकीत पडून राहिलेला नट हे सारे एकटे वाहक असतात आणि भारित इंधनाच्या पृष्ठभागाजवळ ठिणगीला निमंत्रण देतात.

कार्बन फायबर वापरणारे अनेक जण समजतात की कार्बन वाहक असल्यामुळे त्यांना हा त्रास नाही. प्रत्यक्षात अ‍ॅल्युमिनियम थेट कार्बनला टेकले तर ते गंजते, म्हणून दोहोंमध्ये काचतंतूंच्या कापडाचा एक थर घालतात, आणि त्या थराने कडी पुन्हा एकटी पडते. वर प्रायमर आणि रंग असतोच. तेव्हा तारेची जोडणी कार्बनच्या विमानातही करावीच लागते.

इंधन भरताना

इंजिन, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारे यंत्र) आणि मास्टर स्विच बंद करून सर्वांनी विमानातून उतरावे. पंपाची क्लिप टोपी उघडण्याआधी लावावी, आणि ती टाकीच्या तोंडापासून दूर लावावी, म्हणजे क्लिप लावताना उडणारी ठिणगी वाफेच्या जवळ उडणार नाही. क्लिपचे दात रंगावर नव्हे तर उघड्या धातूवर बसले आहेत ना, हे पाहावे. त्यानंतर टोपी बंद असतानाच तिच्या कडीला उघड्या हाताने आणि मग नोझलने स्पर्श करावा. कडीची अंतर्गत जोडणी नसलेल्या जुन्या विमानात तर हीच पायरी सर्वांत मोलाची आहे, कारण भार निघून जायचाच असेल तर तो झाकलेल्या तोंडावर निघून जातो.

मग टोपी उघडून नोझल कडीला टेकवावे आणि भरणे पूर्ण होईपर्यंत ते कडीवरून उचलू नये. सुरुवातीला धार बारीक ठेवून तळाशी थोडे इंधन जमू द्यावे, कारण उंचावरून फवारत पडणारे इंधन अधिक भारित होते. फायबरग्लासच्या तळाला भोक पडू नये म्हणून नोझल फार आत खुपसू नये. भरून झाल्यावर नोझल काढावे, टोपी लावावी आणि क्लिप सर्वांत शेवटी काढावी. पातळी मोजायला लाकडी काठी वापरावी आणि तीही दोन-चार मिनिटे थांबून.

लाँग-ईझीत इंधनाची पातळी दाखवणारी काच मागच्या आसनाजवळच्या भिंतीत असते, त्यामुळे किती भरले हे पाहण्यासाठी मध्येच आत वाकण्याचा मोह होतो. कृत्रिम लोकरीच्या आसनावर हात घासून परत नोझलजवळ येणे म्हणजे नव्याने भार घेऊन येणेच होय. कॅनॉपी (पारदर्शक छत) किंवा पंख पुसण्याचे कामही इंधन भरण्याच्या बरेच आधी किंवा नंतर, आणि ओल्या फडक्याने करावे. भरताना जॅकेट काढू किंवा चढवू नये. सुती कपडे बरे.

डब्यातून इंधन भरणे हा घरी विमान बांधणाऱ्यांचा आवडता मार्ग आहे, आणि माझ्या मते सर्वांत धोक्याचाही. डबा भरताना तो नेहमी जमिनीवर ठेवावा. पिकअप गाडीच्या मागच्या प्लास्टिकच्या अस्तरावर ठेवून डबे भरताना आगी लागल्याचे अमेरिकेत नोंदले गेले असून त्याबद्दल सरकारी इशारेही दिले गेले आहेत. विमानात ओतताना धातूचा डबा वापरून तो तारेने कडीला जोडावा. प्लास्टिकच्या नरसाळ्यात शॅमॉयचे चामडे घालून गाळण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, कारण बारीक छिद्रांतून गाळताना इंधन भारित होते आणि प्लास्टिक तो भार धरून ठेवते. धातूचे नरसाळे धातूच्या जाळीसह वापरावे, आणि ते कडीला टेकलेले राहील याची काळजी घ्यावी. वाहक प्लास्टिकची काळी नरसाळीही मिळतात, पण प्रत्येक काळे प्लास्टिक वाहक नसते. मल्टिमीटर लावून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

तोच मल्टिमीटर दर वार्षिक तपासणीत कडी आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये लावावा. धातूची सलग वाट असेल तर आकडा १० ओमच्या आत यायला हवा. स्थिर वीज वाहून जाण्यासाठी दहा लाख ओमपर्यंतचा रोधही पुरेसा असतो, पण तारेच्या जोडणीत शेकडो ओम दिसू लागले तर कुठेतरी जोड सैल झाला आहे किंवा गंजला आहे असे समजावे, आणि शोध कडीखालच्या स्क्रूपासून सुरू करावा. जोड घासून, आवळून आकडा पुन्हा १०च्या आत आला की तो तारखेसह विमानाच्या लॉगबुकात लिहावा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येते.