सी मध्ये मेमरीचा ब्लॉक डुप्लिकेट कसा करायचा, कांद्याच्या भावाचं उदाहरण घेऊन

नाशिकला डिप्लोमा, इंजिनिअरिंगला सी शिकणारी मुलं पॉइंटरपर्यंत (मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) नीट येतात, पण अ‍ॅरेची दुसरी प्रत हवी असली की नवीन पॉइंटरला जुना पॉइंटर देऊन मोकळी होतात. त्याने डेटा कॉपी होतच नाही. दोन्ही पॉइंटर एकाच पत्त्याकडे बघत बसतात, एकातून बदल केला की दुसऱ्यातही तोच दिसतो.

समजा लासलगावच्या कांद्याचे 7 दिवसांचे भाव 'भाव' नावाच्या इंट अ‍ॅरेत आहेत. ते तारखेच्या क्रमाने तसेच राहू द्यायचेत आणि मधला भाव काढायला एक प्रत सॉर्ट करायचीय.

आधी किती बाइट लागतात ते ठरवा. इंट 4 बाइटचा असेल, आपल्या नेहमीच्या पीसीवर असतोच, तर 7 गुणिले 4 म्हणजे 28. आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो: तोच अ‍ॅरे फंक्शनला पाठवला की आत तो नुसता पॉइंटर उरतो, त्यावर साइझऑफ (बाइटमध्ये आकार सांगणारा ऑपरेटर) लावलं तर 64 बिट मशीनवर 8 येतं, म्हणजे जेमतेम 2 दिवसांचे भाव. तेवढाच ब्लॉक घेतला तरी प्रोग्राम कंपाइल होतो, चालतोही, आणि तिसऱ्या दिवसापासून तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी मेमरीत हात घालत असता. म्हणून फंक्शनला अ‍ॅरेसोबत संख्या वेगळी पाठवा, नेहमी.

मग मॅलॉकने (मेमरी मागून घेणारं फंक्शन) 28 बाइट घ्या आणि नल (म्हणजे मेमरी मिळाली नाही) आला का ते लगेच तपासा. दिवसांची संख्या फाइलमधून किंवा युजरकडून येत असेल तर गुणाकार साइझ_टी (आकारासाठीचा पूर्णांक प्रकार) मध्येच करा आणि तो ओव्हरफ्लो होणार नाही, म्हणजे त्यात मावेनासा मोठा होणार नाही, हेही आधी बघा. हे पुस्तकी वाटेल पण जीलिब या सी लायब्ररीच्या जी_मेमडप या प्रत करणाऱ्या फंक्शनमध्ये लांबी 32 बिटमध्ये घेतली जायची, मोठा आकडा कापला जाऊन ब्लॉक छोटा बनायचा, शेवटी 2021 मध्ये जी_मेमडप2 आणावं लागलं.

आता मेमकॉपी, म्हणजे बाइट कॉपी करणारं फंक्शन, हेडर स्ट्रिंग डॉट एच. क्रम असा: कुठे, कुठून, किती बाइट. 'कुठे' पहिलं. झालं, प्रत तयार. हे तिन्ही एका छोट्या फंक्शनमध्ये टाकून त्याला मेमडप नाव द्या, कारण स्टँडर्ड सी मध्ये असं रेडीमेड फंक्शन नाहीये. स्ट्रडप आहे, तेही स्टँडर्डमध्ये सी23 पासून, आणि ते फक्त स्ट्रिंगसाठी, पहिला शून्य बाइट दिसला की थांबतं.

आजचा भाव आला आणि जुने सगळे एक घर पुढे सरकवायचेत, तर मेमकॉपी नको, मेममूव्ह वापरा. दोन्ही जागा एकमेकांवर येत असल्या तर मेमकॉपी काय करेल याची काहीच गॅरंटी नाही. 2010 मध्ये फेडोरा 14 या लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीच्या नव्या मेमकॉपीने काही प्रोसेसरवर उलट्या बाजूने कॉपी सुरू केली आणि अ‍ॅडोबी फ्लॅशचा आवाज बिघडला, कारण त्यात नेमकी अशीच ओव्हरलॅप असलेली कॉपी होती. वर्षानुवर्षं चाललेला कोड, तरी चुकीचाच होता.

स्ट्रक्टचं (वेगवेगळी माहिती एकत्र ठेवणारा प्रकार) मात्र वेगळं आहे आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्ट्रक्टमध्ये बाजार समितीचं नाव कॅर पॉइंटर म्हणून ठेवलं असेल तर मेमकॉपीने फक्त तो पत्ता कॉपी होतो, लासलगाव ही अक्षरं नाहीत. मग मूळ आणि प्रत दोघांनीही ते नाव फ्री केलं की डबल फ्री, म्हणजे एकच मेमरी दोनदा परत केली, प्रोग्राम गेला. अशा वेळी आधी पूर्ण स्ट्रक्ट कॉपी करा, मग नाव स्ट्रडपने वेगळं घ्या आणि प्रतीतल्या पॉइंटरला द्या. फ्री करताना उलट क्रम, आधी नाव मग स्ट्रक्ट.

शेवटी टेस्टिंग. जीसीसी कंपायलरला अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) आणि डीबग माहिती (-g) चालू करून कंपाइल करा, वरचा 8 बाइटवाला गोंधळ झाला असेल तर तो थेट लाइन नंबरसकट सांगतो. पण ब्लॉक 28 चा घेतला आणि कॉपी 8 च बाइट केले तर तो गप्प राहतो, तिथे व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारं टूल लागतं, न भरलेल्या मेमरीवर सॉर्टिंग चाललंय हे ते पकडतं, म्हणून दोन्ही वेगवेगळे चालवून बघा, एकाच वेळी एकत्र चालत नाहीत.