‘पाणी म्हण, मग देते’ म्हणण्याआधी

तीन-साडेतीन वर्षांचं मूल आईचा हात धरून तिला ओट्यापाशी नेतं आणि तो हात वरच्या फळीकडे ढकलतं. शब्द नाही, आईच्या तोंडाकडे पाहणंही नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या घरात हे रोजचंच. मग आपलं सुरू होतं, “बिस्किट म्हण. म्हण, मग देते.” मूल रडतं, आपण वैतागून डबा काढून देतो. शब्दांचं नंतर पाहू. समोरच्या माणसाकडे मागितलं की मिळतं, हे आधी उमगायला हवं.

ते चित्रांनी शिकवता येतं. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत बसवलेली ‘पेक्स’ पद्धत, म्हणजे चित्र हातात देऊन वस्तू मागायची पद्धत, यासाठीच आहे. पूर्ण पद्धत स्पीच थेरपिस्टकडून शिका. सुरुवात कशी असते ते सांगते. मात्र त्याआधी कान तपासून घ्या. टीव्हीवरची जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे ऐकू येतं, एवढ्यावर भागवू नका.

१. मुलाला जीव की प्राण असलेली एकच वस्तू निवडा. शंकरपाळी समजा. तिचा फोटो काढून पुठ्ठ्यावर चिकटवा.

२. माणसं दोन लागतात. आई समोर बसते, एका हातात शंकरपाळी, दुसरा हात रिकामा. बाबा किंवा आजी मुलाच्या मागे. मुलाने खाऊकडे हात नेला की मागच्याने न बोलता तो हात धरून चित्र उचलायला लावायचं आणि आईच्या रिकाम्या हातात ठेवायला लावायचं. आईने त्याच क्षणी “शंकरपाळी!” म्हणून एकच तुकडा द्यायचा. मूठभर दिली तर पुन्हा मागायचं कारणच संपतं. “काय हवंय?” हे विचारायचं नाही, नाहीतर प्रश्न आल्याशिवाय मूल मागणारच नाही. सगळ्यात अवघड काम मागच्याचं. आजींना गप्प बसवणं सोपं नाही!

३. हात धरणं हळूहळू कमी करा. जमलं की आईने दोन पावलं लांब बसावं, मग पलीकडच्या खोलीत.

४. आता दोन चित्रं: शंकरपाळी आणि पायातला मोजा. मोज्याचं चित्र दिलं तर मोजाच द्या. चित्र बघून निवडायचं असतं, हे त्यातून कळतं.

“चित्रांची सवय लागली तर बोलणारच नाही,” असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. आजवरच्या अभ्यासांत चित्रांमुळे बोलणं अडल्याचं दिसलेलं नाही; काही मुलांचं थोडं वाढलेलंही दिसतं. पुढे फोनवर चित्रं हवी असतील तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ ॲप आहे.

काही मुलं बोलतात, पण आपलंच वाक्य परत देतात. तहान लागली की “तुला पाणी हवंय का?” म्हणतात. हसू नका, रागावूही नका; ते मागणंच आहे. पाणी देताना मुलाच्या तोंडी शोभेल असं वाक्य आपण म्हणायचं: “पाणी दे.” ‘हवं’पेक्षा ‘दे’ बरं. लाडू हवा, पोळी हवी, पाणी हवं अशी रूपं बदलत बसतात. ‘दे’ सगळ्यांना चालतं.

आणि ‘नको’चं चित्रही लवकर करा. मुलाने ते भोपळ्याच्या भाजीपुढे धरलं, तर त्या दिवशी ताटली मुकाट्याने उचला.