ग्रॅव्हल बाइकसाठी अलॉय फ्रेम घ्यावी की कार्बन?

ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या आणि कच्च्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल, घ्यायचे ठरले की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न फ्रेमच्या साहित्याचा येतो. माझ्या मते तो शेवटी यायला हवा. फ्रेमचे माप आपल्या उंचीला आणि हातांच्या लांबीला जुळते का, तिच्यात किती रुंद टायर बसतो आणि आपल्याला सामान न्यायचे असेल तर त्यासाठी पुरेसे माउंट (बॅग किंवा कॅरिअर बसवायच्या जागा) आहेत का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाल्यावरच अलॉय (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम) की कार्बन (कार्बन तंतूंचे थर) हा विचार सुरू करावा, कारण चुकीच्या मापाची कार्बन फ्रेम योग्य मापाच्या अलॉय फ्रेमपेक्षा नेहमीच अधिक त्रासदायक ठरते.

वजनाचा मुद्दा सर्वाधिक चर्चेत असतो, म्हणून तो आकड्यांत पाहू. ग्रॅव्हलसाठीची चांगली अलॉय फ्रेम साधारण दीड ते दोन किलोची असते, तर कार्बनची सुमारे एक ते सव्वा किलोची. फरक ६०० ग्रॅम धरला आणि चालक, सायकल व पाणी मिळून ८० किलो मानले, तर तो एक टक्क्याहूनही कमी भरतो. म्हणजे तासाभराच्या सलग चढावर तेवढ्याच ताकदीने चालवताना जेमतेम अर्ध्या मिनिटाची बचत होते. स्पर्धेत उतरणाऱ्याला अर्धा मिनिट मोलाचा असतो, हे मान्य आहे. पण रविवारी दिवसभर कच्च्या रस्त्यांवर भटकणाऱ्याने केवळ वजनासाठी कार्बनकडे वळू नये.

आरामाचे काय? अलॉय फ्रेम अंगाला हादरे देते, ही समजूत अरुंद टायरच्या जुन्या रोड बाइकवरून रूढ झाली आहे. ग्रॅव्हल बाइकला ४० ते ४५ मिमी रुंदीचे टायर असतात आणि खडीचा धक्का आधी टायरच शोषून घेतो. फ्रेम जितकी लवते त्याच्या कितीतरी पट टायर दबतो. त्यामुळे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर बसवून हवेचा दाब आपल्या वजनाप्रमाणे कमी केल्यास जो फरक जाणवतो, तो फ्रेम बदलल्याने क्वचितच जाणवतो. शिवाय बऱ्याच अलॉय ग्रॅव्हल बाइकना फोर्क (पुढचे चाक धरणारा भाग) कार्बनचाच असतो, आणि सीटपोस्ट (सीट ज्यावर बसते ती नळी) २७.२ मिमी व्यासाचा असेल तर त्याजागी कार्बनचा बसवून पाठीला आणखी आराम देता येतो. कार्बनचे खरे सामर्थ्य वेगळे आहे: तंतूंच्या थरांची दिशा आणि जाडी जागोजागी बदलता येत असल्याने एकच फ्रेम पेडलच्या भागात ताठ आणि सीटखाली लवचीक करता येते. अलॉयच्या नळ्यांची जाडी आणि आकारही बदलता येतात, पण इतक्या बारकाईने नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतीत आठ-दहा तास बसणाऱ्याला हा फायदा नक्कीच मिळतो.

टिकाऊपणाबाबत दोन्ही साहित्यांचे स्वभाव निराळे आहेत आणि निवड करताना मी सर्वाधिक विचार इथे करावा म्हणेन. अ‍ॅल्युमिनियम वारंवार पडणाऱ्या ताणाने हळूहळू थकते. तडा बहुधा वेल्डजवळ जातो आणि रंगावर बारीक रेघ दिसून त्याची चाहूल लागते. कार्बन अशा थकव्याला चांगले तोंड देते, पण एखाद्या टोकदार जागी बसलेला आघात त्याला सोसत नाही: खडकावर आडवे पडणे, चाकाने उडवलेला दगड डाउनट्यूबवर (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीवर) आदळणे, किंवा क्लॅम्प (भाग धरून ठेवणारी पकड) अतिघट्ट आवळणे. अशा वेळी आतले थर सुटले तरी वरचा रंग शाबूत दिसू शकतो, ही खरी काळजीची बाब आहे. दुरुस्तीत मात्र कार्बन पुढे आहे, कारण जाणकार कारागीर खराब भाग काढून नवे थर बसवू शकतो. अलॉयला पुन्हा वेल्ड केल्यास त्या जागेची उष्णताप्रक्रियेने आलेली ताकद कमी होते, म्हणून बहुधा फ्रेमच बदलावी लागते.

कार्बन घेतल्यास काही शिस्त अंगी बाणवावी लागते. टॉर्क रेंच (बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना) हवाच, आणि सीटपोस्टचा बोल्ट त्यावर छापलेल्या न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळू नये. बॅगच्या पट्ट्यांखाली अडकलेली धूळ फ्रेमला सॅंडपेपरसारखी घासते, म्हणून तिथे, तसेच डाउनट्यूबखाली आणि चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर) संरक्षक फिल्म लावावी. टायर आणि फ्रेम यांत दोन्ही बाजूंनी किमान ६ मिमी मोकळी जागा ठेवावी, नाहीतर चिखल चेनस्टे झिजवत राहतो. स्टँडवर सायकल टांगताना पकड टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या नळीवर) न ठेवता सीटपोस्टवर ठेवावी. कॅरिअर लावून जड सामान नेणाऱ्याने उत्पादकाने दिलेली भारमर्यादा आधी वाचावी. काही कार्बन फ्रेमना कॅरिअरची परवानगीच नसते.

ठरलेल्या रकमेत अलॉय फ्रेमबरोबर हलकी चाके, चांगले टायर आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मिळत असतील आणि कार्बनबरोबर साधे भाग मिळत असतील, तर मी निःसंकोच अलॉय घ्यायला सांगेन. नेहमी स्पर्धा करणाऱ्याने, किंवा दोन्हीकडे सारखेच भाग असून वरचा खर्च सहज पेलणाऱ्याने कार्बन घ्यावे.

वापरलेली सायकल घेताना अलॉयचे सगळे वेल्ड स्वच्छ पुसून उजेडात पाहावेत. कार्बनवर नाण्याने हलके ठोकत जावे. आवाज अचानक बोदा झाला तर आत थर सुटल्याचा संशय घ्यावा, मात्र फ्रेमची जाडी बदलली तरी आवाज बदलतो, म्हणून शंका आल्यास जाणकाराकडून तपासून घ्यावे. सीटपोस्ट बाहेर काढून दाखवण्याचा आग्रह धरावा, कारण कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटून असतील तर गंजाने धातू फुगून तो कायमचा अडकतो. विक्रेता तो काढून देत नसेल, तर ती सायकल घेऊ नये.