डॉकिंग स्कोअरवर भिस्त ठेवताना या चुका टाळा

डॉकिंग म्हणजे एखादा रेणू प्रोटीनच्या खाचेत कसा आणि किती घट्ट बसेल याचा संगणकी अंदाज; स्कोअर जितका ऋण, तितकी पकड घट्ट. एका रेणूचा डॉकिंग स्कोअर -९.८, दुसऱ्याचा -९.३. पहिला ठेवायचा, दुसरा बाद, असं ठरवून बरेचजण मोकळे होतात. पण ऑटोडॉक व्हिना या डॉकिंग सॉफ्टवेअरच्या २०१०च्या मूळ शोधनिबंधातच या स्कोअरची प्रमाणित त्रुटी २.८५ किलोकॅलरी प्रति मोल दिलेली आहे. साधारण १.४ किलोकॅलरीला बंधशक्ती दहापट बदलते. म्हणजे त्रुटीच शंभरपटीच्या घरात, आणि आपण अर्ध्या किलोकॅलरीवर निवाडा करतोय! हजारो रेणूंच्या ढिगातून आधी कोणते तपासायचे, एवढंच या स्कोअरला विचारावं. त्याच्या आधारे ‘हे औषध प्रभावी ठरेल’ असं लिहिणारे प्रबंध वाचले की खरंच कीव येते.

रचना उतरवली आणि तशीच वापरली

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, सॉफ्टवेअर सुरू होण्याआधीच. २०२० साली कोविडच्या विषाणूच्या मुख्य प्रोटीएजची (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमची) ‘६एलयू७’ ही रचना प्रोटीन डेटा बँक या प्रोटीन-रचनांच्या संग्रहात आली आणि तिच्यावर डॉकिंगच्या निबंधांचा पूर आला. ती फाइल नीट उघडून बघा. तिच्यातला एन-३ हा अवरोधक (एन्झाइमचं काम अडवणारा रेणू) सिस्टीन १४५ला, म्हणजे साखळीतल्या १४५व्या अमिनो आम्लाला, सहसंयुज (पक्क्या रासायनिक) बंधाने जोडलेला आहे. नेहमीचं डॉकिंग असा बंध धरतच नाही, त्यामुळे एन-३च्या स्कोअरशी इतर रेणूंची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. दुसरं, रचनेचं विभेदन (आकडा जितका लहान, तितका तपशील स्पष्ट) २.१६ अँगस्ट्रॉम आहे. एवढ्यावर हायड्रोजन दिसत नाहीत. शेजारच्या हिस्टिडिन ४१वर प्रोटॉन कुठल्या नायट्रोजनवर बसवायचा हे आपणच ठरवायचं असतं. बहुतेकजण ते सॉफ्टवेअरवर सोडतात आणि नंतर त्याची नोंदही ठेवत नाहीत.

तिसरी गोष्ट तर सहज निसटते. हे एन्झाइम जोडीने काम करतं, पण फाइलमध्ये प्रोटीनची एकच साखळी आहे. जोडीदार साखळीचं सेरीन १ हे ग्लुटामेट १६६ला टेकून बंधस्थानाचा एक कोपरा घडवतं. एकट्या साखळीवर डॉकिंग केलं तर तो कोपरा अर्धवट उघडा राहतो आणि तिथे नको ते रेणू मजेत जाऊन बसतात. म्हणून ‘बायोलॉजिकल असेंब्ली’ची, म्हणजे पूर्ण जोडी असलेली, फाइल उतरवा. खिशातली (बंधस्थानाच्या खाचेतली) पाण्याची सगळी रेणूमंडळी एका फटक्यात पुसू नका. लिगँड (खिशात बसणारा रेणू) आणि प्रोटीन यांच्यामध्ये पूल बांधणारं पाणी ठेवून आणि काढून, दोन्ही तऱ्हांनी डॉकिंग करून बघा.

याच प्रोटीएजवर संगणकाचा नीट उपयोगही झाला आहे. एन्सिट्रेलव्हिर या कोविडवरच्या औषधाचा शोध आभासी (संगणकावरच्या) छाननीपासूनच सुरू झाला, पण छाननीतले रेणू लगेच प्रयोगशाळेत तपासले गेले आणि पुढे रसायनशास्त्रज्ञांनी ते टप्प्याटप्प्याने सुधारले.

परीक्षा सोपी करून घेतली

स्फटिकातला लिगँड काढून परत त्याच खिशात डॉक केला, तो मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसला, पद्धत सिद्ध झाली! अहो, तो खिसा त्याच लिगँडच्या मापाने शिवलेला आहे. दुसऱ्या लिगँडसोबत मिळालेल्या रचनेत तो बसतो का, ते बघा.

मशीन लर्निंगमध्ये हीच चूक जास्त साळसूदपणे होते. एकाच सांगाड्याचे (मूळ रासायनिक चौकटीचे) भाऊबंद रेणू प्रशिक्षणातही आणि चाचणीतही असले, तर मॉडेल पाठांतरावर पास होतं. विभागणी यादृच्छिक न करता सांगाड्यानुसार किंवा काळानुसार करा. डॉकिंग पद्धती पारखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डीयूडी-ई या प्रसिद्ध रेणूसंचाबाबत २०१९मध्ये असं दिसून आलं, की न्यूरल नेटवर्कला प्रोटीनची माहिती दिली नाही तरी त्याची कामगिरी जवळपास तेवढीच राहते. ते फक्त लिगँडच्या ठेवणीवरून ओळखत होतं. ही चाचणी स्वतःच्या मॉडेलवरही करून बघा: प्रोटीन काढून टाका आणि गुण उतरतात का ते पाहा.

निकाल विचित्र दिसतोय?

यादीच्या वरच्या टोकाला सगळे बोजड रेणू आले असतील, तर स्कोअर नुसत्या अणुसंख्येमुळे चांगला दिसतोय. हायड्रोजन सोडून इतर अणूंच्या संख्येने भागून पुन्हा क्रम लावा. दरवेळी वेगळं उत्तर येत असेल तर व्हिनामधली एक्झॉस्टिव्हनेस (किती कसून शोधायचं तो आकडा) मूळ ८वरून वाढवा आणि सीड (यादृच्छिक सुरुवातीचा आकडा) लिहून ठेवा. लिगँड खिशाबाहेर लटकत असेल तर आधी ग्रिड बॉक्सचा (शोधासाठी आखलेल्या चौकटीचा) मध्य तपासा. रेणूगतिकीचं (अणूंच्या हालचालींचं) एकच सिम्युलेशन दाखवून ‘स्थिर आहे’ म्हणू नका. सुरुवातीचे वेग बदलून ते काही वेळा चालवा.

अल्फाफोल्ड या एआयने भाकीत केलेली रचना वापरत असाल तर पीएलडीडीटी (अंदाजावरचा भरवसा, १००पैकी) ९०च्या वर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. लिगँड आल्यावर खिसा कसा हलेल हे तो आकडा सांगत नाही. प्रोटीनचे दोन डोमेन (स्वतंत्र भाग) एकमेकांशी कसे बसलेत यासाठी पीएई (भागांच्या परस्पर जागेतली अंदाजित त्रुटी) बघावं लागतं.

आणि प्रयोगशाळेतून ‘हो’ आलं तरी थोडं थांबा. काही रेणू गुठळ्या करून कुठलंही एन्झाइम अडवतात. थोडं ट्रायटन एक्स-१०० हे गुठळ्या मोडणारं डिटर्जंट घालून परिणाम नाहीसा झाला, तर तो रेणू संशयित.

मॉडेलची हद्द लिहिलीच नाही

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००४मध्ये क्यूएसएआर (रेणूच्या रचनेवरून त्याचा परिणाम सांगणाऱ्या) मॉडेलांसाठी पाच तत्त्वं ठरवली. त्यांत मॉडेलचा वापरक्षेत्र-परीघ (कोणत्या रेणूंसाठी अंदाज भरवशाचा) स्पष्ट असणं हे एक आहे. औषध-नियमनाची आयसीएच एम-७ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका औषधातल्या अशुद्धींच्या उत्परिवर्तकतेसाठी (डीएनएत बदल घडवण्याच्या क्षमतेसाठी) संगणकी अंदाज स्वीकारते, पण दोन पूरक पद्धतींचा: एक तज्ज्ञांच्या नियमांवर चालणारी, दुसरी सांख्यिकी. दोघींची उत्तरं जुळली नाहीत किंवा रेणू परिघाबाहेर पडला, तर तज्ज्ञाचा लेखी निर्णय जोडा, नाहीतर एम्स चाचणी (जिवाणूंवरची उत्परिवर्तन-चाचणी) करून घ्या.