वजन कमी करायचंय? आधी तेलाचा हिशेब मांडा

उंची-वजन घेऊन बीएमआय काढा, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, ३० ची वाट पाहू नका. कंबरही मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० सेंमी ही मर्यादा.

फॅमिली डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटं न्या. स्टिरॉइड, मधुमेहाची आणि मानसिक आजारांची काही औषधं वजन वाढवतात. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. झोपेत घोरत असाल तर तेही सांगा.

आता अवघड भाग. "डॉक्टर, मी तर काहीच खात नाही!" प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मला हे खोटं वाटायचं. छापील डाएट चार्ट हातात द्यायचो. एक बाई तिसऱ्या खेपेनंतर आल्याच नाहीत. त्या खोटं बोलत नव्हत्या. दोन पोळ्या आणि वाटीभर भाजी, एवढंच जेवण होतं त्यांचं. भाजीत तेल किती, हे मी विचारलंच नव्हतं.

आता मी पहिल्यांदा विचारतो, घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती लागतं? चार माणसांत पाच लिटर संपत असेल, तर माणशी रोज ४० मिली झालं. नुसत्या तेलाच्या साडेतीनशेच्या आसपास कॅलरी! मग चहा. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे आणखी दोनशे. चहासोबतची खारी आणि उपासाची साबुदाणा खिचडी वेगळीच.

दर महिन्याला अर्धा लिटर तेल कमी आणा, निम्म्यावर येईपर्यंत. घरात सगळ्यांचं जेवण एकच हवं. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला दवाखान्यात सोबत आणा, पण दोष देण्यासाठी नव्हे.

भात कायमचा सोडायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. जन्मभर भात खाल्लेला माणूस महिन्याभरात पुन्हा ताटभर भातावर येतो, हे मी अनेकदा पाहिलंय. एक मूद भात घ्या, सोबत घट्ट वरण, उसळ.

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला.

सहा महिन्यांत ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी साखर आणि बीपी सुधारतात. ८० किलोच्या माणसाला ४ ते ८ किलो पुरेत. वजन उतरवणारी सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड या औषधांची इंजेक्शनं गुणकारी आहेत, पण ती थांबवली की बहुतेकांचं वजन परत चढतं. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नका.

महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करा आणि डॉक्टरांना दाखवा. वजन वाढलेलं असेल, त्या महिन्यात तर नक्की जा.