पावसाळ्यातला लेप्टो: तबेलेवाल्यांनो, आधी पाय सांभाळा

म्हशीखाली उकिडवं बसून दूध काढणाऱ्या माणसाचे पाय एकदा नीट बघा. टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यात चिखल्या, आणि पावलं शेण-मुताच्या पाण्यात. लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या जंतूला शरीरात शिरायला एवढी वाट पुरते.

गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांत माणूस, म्हैस आणि घूस एकाच छपराखाली राहतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोची साथ आली. हा जंतू उंदीर-घुशींच्या, कुत्र्यांच्या आणि गुरांच्याही मुतातून पसरतो. ओलीत तो आठवडे टिकतो, कोरड्यात मरतो. म्हणून औषधांवर पैसे घालण्याआधी जमिनीचा उतार आणि गटार दुरुस्त करा. ब्लीचिंग पावडर टाकायची तर फरशी धुऊन मगच टाका. शेणावर टाकलेली वाया जाते. पेंडीच्या गोण्या भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवा. गव्हाणीत उरलेलं आंबोण रात्री तसंच ठेवलं तर घुशींना आवतणच.

प्रत्येक कामगाराला गमबूट द्या. मालकांनी यात काटकसर करू नये, हे कळकळीचं सांगणं आहे. जखम असेल त्याला धुण्याचं काम देऊ नका.

ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल, ही लक्षणं दिसली तर अंगावर काढू नका. जंतू शिरल्यावर साधारण 5 ते 14 दिवसांनी ताप येतो, तोवर साचलेल्या पाण्यातून चाललेलं कुणाच्या लक्षातही नसतं. म्हणून डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "मी तबेल्यात काम करतो." तुंबलेल्या पाण्यातून जावं लागलं असेल, तर तापाची वाट न पाहता 72 तासांच्या आत दवाखाना गाठा. प्रतिबंधक गोळी घ्यायची का, ते डॉक्टर ठरवतील. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर तसं आवर्जून सांगा.

जनावरांकडेही लक्ष असू द्या. म्हशीनं गाभ टाकला, दूध एकदम आटलं किंवा पारडू लाल मुतलं, तर पशुवैद्यकाला बोलवा. गाभ टाकण्यामागे ब्रुसेला नावाचा दुसरा जंतूही असू शकतो, आणि तोही माणसाला लागतो. पडलेला गाभ आणि वार उघड्या हातानं उचलू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका. चुना घालून खोल पुरा. तबेल्यात 4 ते 8 महिन्यांच्या पारड्या असतील तर ब्रुसेलाच्या लसीसाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नावं द्या. लस मोफत आहे आणि एकदाच टोचावी लागते.