भाच्याच्या पहिल्या वेबपेजची डागडुजी

भाच्याने सोसायटीच्या गणपतीचं पेज बनवलं, आरतीच्या वेळा, चित्रकला स्पर्धेचा फॉर्म, मागच्या वर्षीचे फोटो. लॅपटॉपवर एकदम झकास, आणि आजीच्या मोबाईलवर उघडलं तर अक्षरं मुंगीएवढी! मग बसलो दोघं. गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी नवीन काही लिहावंच लागलं नाही, त्याने हौसेने टाकलेलं काढावं लागलं. साधं एचटीएमएल, म्हणजे पेजचा सांगाडा लिहायची भाषा, मुळात मोबाईलवर नीटच मावतं हो, बिघडवतो आपण.

आधी हेडमध्ये, म्हणजे कोडच्या वरच्या, पेजवर न दिसणाऱ्या भागात बघा, पेज किती रुंद धरायचं ते ब्राउझरला सांगणारा मेटा व्ह्यूपोर्ट आहे का. तो नसला की मोबाईलचा ब्राउझर पेज डेस्कटॉपचं समजतो, साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आवळून दाखवतो. त्यात विड्थ म्हणजे डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केल १, एवढंच लिहा. झूम बंद करणारं युजर-स्केलेबल नो कुठून कॉपी झालं असेल तर उडवा, आजीला झूम करायचं असतं.

त्याच्या वरच एचटीएमएल टॅगमध्ये लँग, म्हणजे पेजची भाषा, बघा. टेम्प्लेट उचललेलं असलं की तिथे ईएन असतं, पेज मराठी असेल तर एमआर करा, नाहीतर स्क्रीन रीडर (न दिसणाऱ्यांना पेज वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) इंग्रजीचा आवाज लावून मराठी वाचायला जातो आणि काय ऐकू येतं ते विचारू नका.

मग सीएसएस, म्हणजे पेज कसं दिसावं त्याचे नियम. मेन डब्याला विड्थ १२०० पिक्सेल होती, ती मॅक्स-विड्थ केली, म्हणजे जागा कमी असली की डबा आकसतो. फोटोंना मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो. फॉन्ट पिक्सेलऐवजी रेममध्ये, म्हणजे ब्राउझरच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत. आणि हे आपल्या लिपीसाठी खास, लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवा, कमी केली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतात. लेटर-स्पेसिंग तर देवनागरीला लावूच नका, शिरोरेषा तुटते.

रंग: पांढऱ्यावर हॅश ९९९ या कोडचा करडा दिसतो स्टायलिश, पण कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर, तीनलाही पोचत नाही, साध्या मजकुराला निदान ४.५ लागतो. हॅश ५५५ केला, काम झालं.

आता खरी परीक्षा. माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब दाबत पेज वापरून बघा. आमचं "नाव नोंदवा" बटण टॅबला सापडेचना, कारण ते बटण नव्हतंच, डिव्हला, म्हणजे नुसत्या डब्याला, क्लिक केल्यावर चालणारं ऑनक्लिक लावलेलं होतं!! बटण टॅग वापरला की टॅब, एंटर, स्पेस सगळं फुकटात मिळतं. आणि आउटलाइन नन लिहून टॅबने जिथे आलो तिथे दिसणारी ती निळी चौकट घालवली होती, का तर "कशीतरी दिसते मामा". अरे पण मग आपण कुठे आहोत ते कळणार कसं? काढली ती ओळ.

फॉर्ममध्ये नुसता प्लेसहोल्डर, म्हणजे चौकटीतला फिका मजकूर, होता, टाइप करायला लागलं की गायब. प्रत्येक इनपुटला लेबल द्या, लेबलचा फॉर आणि इनपुटचा आयडी एकच हवा.

फोटोंना ऑल्ट, म्हणजे फोटोचं शब्दांतलं वर्णन, लिहा. "फोटो १" नाही, "विसर्जनात लेझीम खेळणारी मुलं" असं. नुसत्या नक्षीला रिकामा ऑल्ट ठेवा, पण ठेवा, अजिबात नसेल तर स्क्रीन रीडर कधीकधी फाइलचं नावच वाचत बसतो.

शेवटी विंडो ३२० पिक्सेलपर्यंत बारीक करा, पेज आडवं सरकायला नको. आमचं आरतीच्या वेळांचं टेबल तेवढं सरकत होतं, त्याला डिव्हमध्ये घालून ओव्हरफ्लो-एक्स ऑटो दिलं, आता फक्त टेबल सरकतं.